दादरातले माळवद

"येऊ नकोस" असा दुर्गेचा निरोप आला, म्हणून मी दादरला निघाले.

दुर्गा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण वारल्यापासून ती ठाकूरद्वारच्या वाडीत माझ्यापाशी वाढली, तेव्हा तिचे माहेर म्हणजे माझेच घर. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, हे लग्नातच बोलून झाले होते. सातव्या महिन्यात तिला आणायची होती. सातवा गेला, आठवा गेला, आषाढ अर्धा सरला, तरी तिचा पत्ता नाही. मग तिच्या नवऱ्याच्या गिरणीतले एक कारकून गिरगावात आले असता निरोप घेऊन आले. घर मुळीच गळत नाही, सर्व ठीक आहे, मावशीने येण्याची दगदग करू नये.

"घर गळत नाही हे तुम्ही विचारलंत, की तिनं आपण होऊन सांगितलं?" मी विचारले.

"आपण होऊन. दोनदा."

मी शाळेत चार दिवसांची रजा सांगितली आणि छत्री काढली.

गिरगावातून दादरला जायचे दोन मार्ग आहेत. ग्रँटरोडहून आगगाडीत बसले की लवकर पोहोचता येते. पण परतीच्या वेळी दिवस भरलेली मुलगी बरोबर असणार होती, आणि गाडीतल्या चढउतारापेक्षा रस्ता बरा, असा माझा हिशेब होता. तेव्हा खड्डे कोठे आहेत ते जातानाच पाहून ठेवावे म्हणून रस्त्याने गेले. भायखळ्यापर्यंत ट्राम आहे. घोडे पावसात कुरकुरत नाहीत, उतारू कुरकुरतात. पुढे रेकला, म्हणजे बैलांची हलकी छपराची गाडी, करावी लागते. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि मोठ्याने ठरवावे. पाऊस पाहून ते वाढते. बरोबर दशम्या असाव्यात, कारण लालबागेच्या पुढे बायकांनी बसून खावे अशी जागा मला दिसली नाही.

"दादरला कुठे, बाई?" गाडीवानाने विचारले.

मी वाडीचे नाव सांगितले.

"म्हणजे धाब्याच्या घराजवळ! बघायला चाललात काय?"

"पुष्कळ लोक बघायला जातात का?"

"जात होते. आता कोणी आत जात नाही. बाहेरूनच बघतात."

ते घर माझ्या भाचीचे, हे मी त्याला सांगितले नाही.

लालबाग ओलांडली की हवा बदलते असे लोक म्हणतात. बदलतो तो वास. पावसाळ्यात गिरण्यांचा धूर वर जात नाही, जड ओल्या हवेत तो छपरांच्या उंचीवर लोळत राहतो आणि नैर्ऋत्येचा वारा त्याला परळच्या चाळींवरून पूर्वेकडे ढकलतो. त्याच बाजूला, परळच्या चढावर गाडी आली की, दूर वडाळ्याची मिठागरे दिसतात. आषाढात त्यांत बघण्यासारखे काही नाही, नुसते तळे. पण मी मुद्दाम गाडी थांबवली. चैत्रात याच जागी मिठाचे पांढरे ढीग असतात. दिवाळीपासून मृगापर्यंत आकाशातून थेंब पडत नाही म्हणून तेथे मीठ होते. आणि मृगापासून पुढे तेथे काहीच होऊ शकत नाही. सूर्य तोच, जमीन तीच. वाऱ्याने फक्त तोंड फिरवले. सहा महिने तो जमिनीवरून समुद्राकडे जातो तेव्हा कोरडा असतो. उरलेले महिने समुद्रावरून येतो तेव्हा पाण्याने भरलेला असतो. ज्यांना मुलींना भूगोल शिकवायचा असेल त्यांनी एकदा चैत्रात आणि एकदा आषाढात त्यांना या चढावर आणावे. पुस्तक घरी ठेवले तरी चालेल.

पश्चिमेकडून, वरळीच्या अंगाने, सारखा खारा वारा येत होता. तिकडच्या कोळ्यांच्या होड्या या दिवसांत काठावर ओढून माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या झापांखाली निजवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत वाऱ्याशी वाद घालायचा नाही, हे त्यांनाही कळलेले असते. दादरात एका माणसाला हे कळलेले नव्हते, आणि मी त्याच्याच घरी चालले होते.

हा माणूस म्हणजे दुर्गेचे सासरे, तात्या. माणदेशातले शेतकरी. आमचीही माणसे मूळची घाटावरचीच, पण तीन पिढ्या गिरगावात काढल्याने आम्हाला छपराला उतार असतो हे ठाऊक आहे. तात्यांना नव्हते. त्यांचा मुलगा गणपतराव परळच्या एका गिरणीत कोठाराचा कारकून आहे. त्याने दादरच्या नारळीच्या वाडीत भाड्याने जमिनीचा तुकडा घेतला. गेली दोन वर्षे गावाकडे पीक नव्हते, म्हणून माघात तात्या मुलाकडे आले, आणि येताना गावचा गवंडी घेऊन आले. सुनेच्या बाळंतपणाआधी घर बांधून द्यायचे, ही त्यांची हौस. त्यांनी त्यांच्या गावासारखे घर बांधले. दगडमातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर दोन वीत मातीचे सपाट छत. यालाच माळवद किंवा धाबे म्हणतात. त्याचा सर्वांत वरचा थर पांढऱ्या मातीचा असावा लागतो, आणि ती त्यांना मुंबईची पसंत पडली नाही. घरची बारदाने रिकामीच होती, घालायला दाणा नव्हता. त्यांत गावची पांढरी माती भरून त्यांनी ती आगगाडीने आणली.

मी पोहोचले तेव्हा पाऊस थांबला होता. माडांच्या आणि झापांनी शाकारलेल्या उतरत्या छपरांच्या मधोमध ते घर एखाद्या पेटीसारखे बसले होते. छतावर धोतर खोचून तात्या उभे होते.

"या, विहीणबाई! गळत नाही, बघा. एक थेंब नाही!"

"गळत नाही, पण खाली आलं आहे," मी म्हटले. मधली तुळई दिसण्याइतकी वाकली होती.

"ते तसंच असतं. माती पाणी पिते, मग बसते. आमच्याकडे आज्याच्या वेळचं माळवद आहे."

"तुमच्याकडे अख्ख्या वर्षात जेवढा पडतो, तेवढा इथं पुष्कळदा एका आठवड्यात पडतो."

"तेच तर!" ते आनंदाने म्हणाले.

आत अंधार होता. उजेडासाठी छताला ठेवलेले भोक पाटीने झाकलेले. दुर्गा भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, तोंड फिकट. मी सामान ठेवण्याआधीच तिने सांगून टाकले, "मावशी, मी येणार नाही."

"का?"

"मी निघाले तर शेजारी म्हणतील, सून भिऊन पळाली. आधीच हसतात. मामंजींनी माझ्यासाठी बांधलंय गं. हाताला फोड आले होते त्यांच्या."

"आणि तुझे यजमान काय म्हणतात?"

"तिकडे बोलायचं होत नाही. वडिलांपुढे कसं बोलणार? सकाळी गिरणीत जातात आणि दिवे लागल्यावर येतात. आल्यावर आधी वर बघतात, मग माझ्याकडे."

शेजारची जानकी दारात येऊन उभी राहिली. भंडाऱ्याची बाई, नवरा माडी काढणारा, तिची स्वतःची खोपटी समोरच. "ह्या म्हाताऱ्याला सांगून सांगून माझा घसा बसला, बाय," ती आत बघून म्हणाली. "म्हटलं, वर झाप घाला, मी विणून देते. तर म्हणतो, पावसाला घसरगुंडी कशाला? अहो तात्या, आता वर भातच लावा! चिखलणी झालीच आहे!"

"लावीन, लावीन," वरून उत्तर आले. "तू लावणीला ये."

जेवायला बाजरीची भाकरी होती. बाजरी कुबट झाली होती, पापड वातड, आणि आगपेटीतल्या काड्या एकीमागून एक वाया गेल्या. घाटावरचे घर नुसते छतापुरते आले नव्हते. कणगी, धान्य, ते ठेवण्याच्या सवयी, सगळे आले होते, आणि सगळ्याला बुरशी येत होती. मी हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. जो देश ज्या वाऱ्याखाली असतो, तसे तेथले छत, तसे धान्य आणि तशीच माणसाची समजूत होते. समजूत बदलायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या चुलीपाशी येऊन बसले. मी भात लावला होता. "विहीणबाई, तुम्ही कालेजात शिकलात. मला एक सांगा. हा इतका पाऊस इथं, आणि आमच्याकडे ढग येतात, बघतात आणि जातात. असं का?"

मला ट्रेनिंग कॉलेज सोडून वीसाहून अधिक वर्षे झाली. तेव्हा आमच्या नकाशावर सह्याद्री केसाळ सुरवंटासारखा काढलेला असे आणि आम्ही तो पाठ करत असू. पुढे शिकवताना मी सुरवंट सोडला आणि झाकण धरले. तात्यांनाही झाकणच दाखवले. उकळत्या भातावर ते तिरके धरले. "ही वाफ म्हणजे समुद्रावरचा वारा. हे झाकण म्हणजे सह्याद्री. वारा डोंगराला आपटतो, वर चढतो, वर गेला की गार होतो, आणि धरलेलं पाणी सोडतो. बघा, थेंब कुठं पडतात? अलीकडे. पलीकडे गेलेल्या हवेत काही उरलेलं नसतं. तुम्ही पलीकडे राहता. आमचा उरलेला तुमच्याकडे येतो."

तात्यांनी झाकणाखाली बोट धरले. थेंब बोटावर पडला. ते बराच वेळ बोट बघत राहिले.

"म्हणजे आमच्या वाटचा इथंच पडतो."

"वाटा वगैरे काही नसतो. वारा आहे."

"पण पडतो तो आमच्या वाटचाच," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

त्या दिवशी त्यांनी काय केले ते मला नंतर समजले. माळवदाच्या कडेला बुटका कठडा असतो आणि त्यातून पाणी जाण्यासाठी लाकडी पन्हळ असते. तिच्यातून पडणारे पाणी ते पावसाळा लागल्यापासून हंड्यांत धरत होते, आणि हंडे भरले की मागच्या पिंपात ओतत होते. गावाकडे असेच करतात आणि ते योग्य आहे. पण दादरात पिंप केव्हाच भरून वाहत होते. त्या सकाळी एक सर आली तेव्हा हंडे रिकामे करून येईपर्यंत पाणी फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी पन्हळीत फडक्याचा बोळा कोंबला. एवढ्यात मी जेवायला हाक मारली. सर थांबलेली होती. ते हात धुऊन पानावर बसले.

आणि पुन्हा पाऊस सुरू झाला. तो कसा पडत होता याचे वर्णन करीत नाही. मुंबईकरांना नको आणि इतरांना पटणार नाही. जेवणे चालली होती. दुर्गा मधल्या खांबाला टेकून बसली होती. पहिल्यांदा पांढऱ्या मातीचा एक चिमूटभर चुरा तिच्या पानात पडला. तिने तो बोटाने बाजूला केला आणि जेवू लागली. मग तुळईने आवाज केला. लाकूड फोडताना पहिल्या घावाला येतो तसा.

"ऊठ," मी दुर्गेला म्हटले.

ती तात्यांकडे बघत होती. "मावशी, नको, मामंजींना..."

"ऊठ. वाईट मागाहून वाटू दे."

मी तिचा एक दंड धरला. दुसरा कोणी धरला म्हणून बघितले तर जानकी. ती आवाज ऐकून पावसातून धावत आली होती. दुर्गेला आम्ही जवळजवळ उचलूनच तिच्या खोपटीत नेले. उंबऱ्यावर दुर्गा अडखळली. उष्टा हात, परक्याचे घर, अजून खरकटे तोंड. "सोवळंओवळं बाळाला विचारून ठरवू," मी म्हटले आणि तिला आत ढकलले.

मागे वळून बघते तो तात्या शिडी चढत होते.

"तात्या! खाली उतरा!"

"बोळा राहिलाय!" ते ओरडले. "माझा बोळा राहिलाय पन्हळीत!"

शिडी निसटू लागली तशी मी ती धरली. माझ्या वयाच्या बाईने आणि माझ्या देहाच्या बाईने शिडी धरली की ती हलत नाही. वरती तात्या वीतभर पाण्यात पालथे पडून कडेशी हात घालत होते. बोळा सुटला. पन्हळीतून पाण्याचा लोंढा थेट माझ्या डोक्यावर आला. "आता उतरा," मी म्हटले, आणि ते उतरले, हे त्या दिवशी त्यांनी माझे ऐकलेले एकमेव वाक्य. त्यांचे पाय जमिनीला लागले आणि मधली तुळई गेली. फार मोठा आवाज झाला नाही. ओली माती आवाज करीत नाही. धप्पकन बसल्यासारखे छत आत बसले, अर्धे. ज्या खांबाला दुर्गा टेकली होती तो खांब, तिचे पान, आणि पानाशेजारी माझेही, सगळे मातीखाली गेले.

जानकीच्या दारातून दुर्गा सगळे बघत होती. तिने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते.

 तात्या धोतराने तोंड पुसत म्हणाले, "झाकण पडलं, विहीणबाई."

"पडलं. माणसं झाकणाखाली नव्हती."

"मी तिला जेवायला तिथंच बसायला सांगितलं होतं. म्हटलं, मधे बस, तिथं अजिबात गळत नाही."

  जानकीने त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. "घ्या. आणि आता झाप विणायला सांगाल ना?"

"सांगतो बाई," तात्या म्हणाले. "घसरगुंडी तर घसरगुंडी."

संध्याकाळी गणपतराव गिरणीतून आला. सवयीने त्याने आधी वर बघितले. वर आकाश होते. मग तो धावतच जानकीच्या दारात गेला, आणि बायको जिवंत बसलेली बघून वडिलांसमोर प्रथमच मोठ्याने बोलला. काय बोलला ते लिहीत नाही. तात्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले आणि म्हणाले, "खरंय."

दुसऱ्या सकाळी शिगराम, म्हणजे चार चाकांची बंद गाडी, करून आम्ही दुर्गेला गिरगावला आणले. जाताना पाहून ठेवलेले खड्डे कामी आले. प्रत्येकापाशी मी गाडीवानाला आधी सांगितले आणि त्याने प्रत्येक वेळी "बाई, रस्ता तुमचाच दिसतो" असे म्हटले. तात्या पुढे त्याच्याजवळ बसले होते. चढावर आल्यावर त्यांनी मिठागरांकडे बघून विचारले, तिथे काय पिकते. मीठ, मी म्हटले. या पाण्यात? हे पाणी नसताना. मिठागरे मागे पडेपर्यंत ते मान वळवून बघत राहिले.

ठाकूरद्वारी त्या आठवड्यातच दुर्गेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. तात्या ओटीवर राहिले. आमच्या कौलांवरून पागोळ्या पडत, आणि ते त्यांच्याकडे एकटक बघत बसत. एके दिवशी त्यांनी आतले तांब्याचे घंगाळ आणून पागोळीखाली ठेवले. भरले, वाहू लागले. ते उठून ओतत, पुन्हा ठेवत. बाळंतिणीच्या घरात पाण्याला तोटा नव्हता, पण मी घंगाळ काढायला सांगितले नाही.

श्रावण उजाडल्यावर एकदा मीच त्यांच्याजवळ जाऊन बसले. "तात्या, तुमच्याकडे ज्वारी कोणत्या पावसावर?"

"उत्तरा आणि हस्त. हस्त पडला की वर्ष गेलं. म्हणजे चांगलं गेलं."

"हस्ताचे ढग कोणत्या अंगानं येतात?"

ते विचारात पडले. गावच्या माळवदावरून दिसणारे आकाश त्यांनी मनात आणले असावे. "उगवतीकडून. दुपार कलली की उगवतीला काळं होतं, गडगडतं, आणि येतं."

"उगवतीला आमचा समुद्र आहे का?"

"नाही."

"तिकडे दुसरा समुद्र आहे, पुष्कळ लांब. भाद्रपदात इकडचा वारा मंदावतो आणि तिकडची वाफ जमिनीवरून तुमच्यापर्यंत येते. तिला वाटेत सह्याद्री लागत नाही. तो तुमच्या मावळतीला आहे. झाकणाचा धडा अर्धाच असतो, उरलेला हा."

तात्या घंगाळाकडे बघत होते. "म्हणजे हा आमचा नव्हेच."

"नव्हे. हा तुमच्याकडे कधी यायचाच नव्हता."

"अडवला नाही कुणी."

"कुणी नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग उठले, घंगाळ उपडे केले, पाणी अंगणातून वाहून गल्लीत गेले, आणि त्यांनी ते जाऊ दिले. आत जाऊन नातीला बघितले. त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला निरोप धाडला की पंचमी झाली की मी गावी जातो, हस्ताआधी रान तयार हवे.

ते गेले. दादरच्या घरावर आता जानकीने विणलेले झाप आहेत, उतार चांगला आहे, पुढच्या वर्षी कौले घालायची आहेत. गावची पांढरी माती माडांच्या आळ्यांत गेली. या प्रवासात मी गिरगावापासून दादरापर्यंत गेले, एवढेच. त्याहून लांब जाणाऱ्या वाचक भगिनींना हे हसण्यासारखे वाटेल. पण या मुलुखात एखाद्याला एक पाऊस मिळतो, एखाद्याला दुसरा, आणि दोन्ही आपलेच समजण्याची चूक कशी होते, हे मला शाळेत शिकवून दिसले नव्हते. वर्गात आता मी झाकण दोन्ही बाजूंनी धरते.

भाद्रपद संपत आला तेव्हा एका दुपारी दुर्गा मुलीला मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती. ऊन पडले होते, वाडीत दोऱ्यांवर धोतरे वाळत होती. समुद्राकडचे आकाश निळे होते. एकाएकी मागे, भायखळ्याच्या अंगाने, गडगडले. काळे वर आले, चार मोठे थेंब अंगणात पडले.

"मावशी, हा उगवतीकडून आला," दुर्गा उभी राहत म्हणाली. "हा मामंजींचा."

"होय," मी म्हटले. "तिकडे पडून उरलेला आपल्याकडे आला आहे. दोरीवरचे कपडे काढ."